फ्रेंड म्हणजे नेमकं कोण?



आपल्या घरातल्या मुलींच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा एक शब्द आहे, फ्रेंड. शाळेतली फ्रेंड, क्लासमधली फ्रेंड, ऑफिसातला फ्रेंड आणि मोबाईलवरचे तर शेकड्यांनी. "फ्रेंडकडे जाऊन येते" एवढं म्हणून मुलगी चपला घालते आणि आई मागून विचारते, "अगं, पण कोण?" मराठीत हा प्रश्न निम्मा सुटलेला असतो, कारण मित्र की मैत्रीण हे शब्दच सांगतो. इंग्रजी शब्द ते सांगत नाही. मात्र त्याच्या पोटात दुसरं बरंच काही दडलेलं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं बायकांच्या आयुष्याशी जोडलेलं आहे. आज त्याबद्दल लिहिते.

आधी शब्दाचं मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत 'प्रेम करणे' अशा अर्थाचं एक क्रियापद होतं. त्यावरून फ्रेंड म्हणजे प्रेम करणारा. त्याच घडणीचा, पण 'द्वेष करणे' या क्रियापदावरून आलेला शब्द म्हणजे फीन्ड. त्याचा अर्थ आधी शत्रू असा होता, पुढे राक्षस असा झाला. आणखी मागे गेलं तर फ्रेंडचं मूळ आणि आपल्या संस्कृतमधल्या 'प्रिय' शब्दाचं मूळ एकच निघतं. म्हणजे ज्याला आपण परका शब्द समजतो, तो प्रिय या शब्दाचा दूरचा भाऊच आहे! स्वतंत्र या अर्थाचा फ्री हा शब्दही त्याच कुळातला. घरातली जिव्हाळ्याची माणसं ती स्वतंत्र आणि बाकीचे दास, अशा काळातून हा अर्थ आला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात.

घरातली माणसं हा धागा लक्षात ठेवा, कारण पुढची कित्येक शतकं इंग्लंडात फ्रेंड्स म्हणजे नातेवाईकही होते. डॅनिश आणि स्वीडिश भाषांत या शब्दाच्या भावंडाचा अर्थ आजही सगेसोयरे असाच आहे. नेओमी टॅडमोर या इतिहासकार बाईंनी अठराव्या शतकातल्या इंग्लंडातल्या 'कुटुंब आणि मित्र' या विषयावर २००१ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी ससेक्स परगण्यातल्या टॉमस टर्नर नावाच्या खेड्यातल्या दुकानदाराची १७५४ ते १७६५ या काळातली रोजनिशी बारकाईने तपासली आहे. त्याच्या लेखी नातलगही फ्रेंड आणि धंद्यात, अडीअडचणीत उपयोगी पडणारी बाहेरची माणसंही फ्रेंड. व्यापारी घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे सहज पटेल. वेळेला उधारी देणारा, शब्द टाकणारा, जामीन राहणारा तो आपला माणूस, मग तो रक्ताचा असो वा नसो.

आता यात बाईचं काय? त्या काळात मुलीचे फ्रेंड्स म्हणजे तिचं लग्न ठरवणारी माणसं. वडील, भाऊ, काका, मामा, पालक. 'तिच्या फ्रेंड्सची संमती आहे का?' असं विचारलं, की त्याचा अर्थ घरच्यांचा होकार आहे का, असा व्हायचा. सॅम्युअल रिचर्डसनची 'क्लॅरिसा' ही कादंबरी १७४७-४८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या क्लॅरिसावर नावडत्या श्रीमंत माणसाशी लग्न करण्यासाठी घरचे दबाव आणतात, तिला घरात कोंडून ठेवतात. या घरच्यांनाच ती पत्रांत फ्रेंड्स म्हणते. आणि ज्या ॲना हाउला ती ही पत्रं लिहिते, ती तिची जिवाभावाची सखी, तीही फ्रेंडच! कोंडणारे फ्रेंड आणि जिच्यापाशी मन मोकळं करायचं तीही फ्रेंड. एकाच शब्दाची ही दोन टोकं एका मुलीच्या आयुष्यात समोरासमोर आली.

कोर्टातही हा शब्द आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्व नव्हतं. तिची ओळख नवऱ्यात विलीन व्हायची. तिच्या नावे वेगळी ठेवलेली मालमत्ता असली आणि त्यासाठी चॅन्सरी कोर्टात दाद मागायची झाली, तर तिच्या वतीने कुणीतरी उभं राहावं लागे. त्या माणसाला 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणत. दाव्याचा खर्च अंगावर आला तर तो त्याच्या माथी. म्हणून असा मित्र मिळणं सोपं नव्हतं, आणि तो नसेल तर बाईचं म्हणणं कोर्टाच्या दारातच अडायचं. १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या कायद्याने तिला स्वतःच्या नावाने दावा लावता येऊ लागला, तेव्हा ही अट संपली. आपल्याकडे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नेक्स्ट फ्रेंड आजही आहे, पण अज्ञान मुलांसाठी आणि मानसिकदृष्ट्या असमर्थ व्यक्तींसाठी. मराठीत त्याला वादमित्र म्हणतात. कालपर्यंत जिला स्वतःला असा मित्र लागायचा, ती आई आज मुलाची वादमित्र होऊन उभी राहू शकते.

शब्दाच्या गमतीही आहेत. ब्रिटिश पार्लमेंटात 'माननीय मित्र' म्हणजे स्वतःच्याच पक्षाचा सभासद. पण कोर्टात वकील 'माझे विद्वान मित्र' म्हणतो, तेव्हा बहुधा तो समोरच्या पक्षाच्या वकिलाबद्दल बोलत असतो!

सतराव्या शतकाच्या मध्यात जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून एक पंथ उभा राहिला. लोक त्यांना क्वेकर म्हणत, ते स्वतःला फ्रेंड्स म्हणवत. राजा असो की नोकर, सगळ्यांना ते सारखंच एकेरी संबोधत आणि कुणापुढे टोपी काढत नसत. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्याला 'अरे तू' म्हटल्यासारखंच ते होतं. त्यापायी अनेकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. या पंथात बाईलाही सभेत बोलता येई. मार्गारेट फेल यांनी १६६६ साली, स्वतः तुरुंगात असताना, स्त्रियांनी धर्मसभेत बोलणं कसं योग्य आहे यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. इथे फ्रेंड शब्दाने नात्याची आणि दर्जाची कुंपणं ओलांडली. आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातल्या चार भावना इथे आठवतात. गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य, ऐकून न घेणाऱ्यांविषयी माध्यस्थ्य. पण मैत्री मात्र सर्व जीवांविषयी सांगितली आहे, तिला पात्रतेची अट नाही.

अटीचा प्रश्न पुढे इंग्लंडातही आलाच. तिथे 'फ्रेंडली सोसायटी' नावाच्या मंडळ्या होत्या. सभासदांनी ठरावीक वर्गणी भरायची आणि आजारपणात, मृत्यूच्या प्रसंगी मंडळाने मदत करायची. १७९३ च्या कायद्याने त्यांना मान्यता आणि पैशाला संरक्षण मिळालं. त्याआधीच, १७८८ साली, यॉर्क शहरात कॅथरीन कॅप आणि फेथ ग्रे या दोघींनी फक्त स्त्रियांची अशी मंडळी काढली होती. आपल्या भिशीत आणि बचत गटात वाढलेल्या बायकांना ती लगेच ओळखीची वाटेल. पुढे १८७५ मध्ये मेरी टाउनसेंड यांनी 'गर्ल्स फ्रेंडली सोसायटी' काढली. घर सोडून शहरात कामाला जाणाऱ्या मुलींना तिथे ओळखीची, आधाराची बाई मिळावी, हा हेतू. किती चांगली गोष्ट! पण सभासद होण्यासाठी मुलीचं चारित्र्य निष्कलंक असण्याची अट होती. मालकाने किंवा कुणी फसवलेली मुलगी, जिला आधाराची सर्वात जास्त गरज होती, तिलाच हे मैत्रीचं दार बंद होतं. या नियमावरून संस्थेत वादही झाले, पण नियम दीर्घकाळ टिकला.

आणि मग आपला काळ. २००४ साली फेसबुक आलं आणि फ्रेंड ही एका बोटाने करायची क्रिया झाली. पाच वर्षांत उलट क्रियाही इतकी रुळली, की न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने २००९ चा शब्द म्हणून 'अनफ्रेंड' निवडला. त्यातही नवल असं, की हे क्रियापद सतराव्या शतकातल्या इंग्रजीत आधीच एकदा येऊन गेलेलं होतं.

या सगळ्या अर्थांत मला एक गोष्ट कायम दिसते. आवडीनिवडी जुळणं हा अर्थ आज पुढे आला आहे, पण फार मोठा काळ या शब्दाच्या मागे एक रोखठोक प्रश्न होता, वेळ आली तर तुझ्यासाठी कोण उभं राहील? ज्या बाईकडे याचं उत्तर नसे, तिला इंग्रजीत 'फ्रेंडलेस' म्हणत, आणि त्यात एकटेपणापेक्षा निराधारपणा जास्त असे.

आपल्या महिला मंडळाकडे या नजरेने एकदा पाहू या. पर्युषणात एकमेकींच्या तपाची अनुमोदना आपण भरभरून करतो. पण नवरा गेल्यावर कार्यक्रमांना यायची बंद झालेली, सासरहून माहेरी परत आलेली, मुलीने परजातीत लग्न केलं म्हणून मागच्या रांगेत बसू लागलेली बाई आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे का? असली, तर शेवटचा फोन तिला कुणी केला होता? वकिलाकडे, बँकेत किंवा दवाखान्यात तिच्याबरोबर जायला आपल्यातली एखादी तयार आहे का? या चातुर्मासात प्रत्येकीने अशा एका बाईचं नाव मनात धरावं आणि तिच्या घरी जाऊन यावं. जाताना डबा न्यावा, सल्ला नको.