शाळाच कुरणात गेली

आम्ही नंदाखालच्या बचत गटातल्या. आज आपल्याच जिल्ह्यातली जुनी गोष्ट सांगतो.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं, सहा महिन्यांत वैधव्य आलं. तरी त्या शिकून शिक्षिका झालेल्या. मुलं शाळेत येईनात, म्हणून यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. तीच अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायची, मग शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. पानं, बिया, खडे हेच शिकवायचं साहित्य.

हे कळलं आणि आम्हाला आमची चूक दिसली. गटाची खातेवही शिकवायला आम्ही दिवसभर फळ्यावर जमाखर्च मांडला. बायांचं चित्त घरी, भाजीच्या जुड्या बांधायच्या राहिलेल्या. एकीला फळ्याजवळ उभं केलं, तिचा हात थरथरला. ‘मला डोकंच नाही,’ म्हणाली आणि बैठकीला येईनाशी झाली. आम्हालाही रात्री झोप लागेना.

मग आम्हीच तिच्या ओट्यावर जाऊ लागलो. जुड्या बांधता बांधता रोज एकच नोंद, तिच्याच विक्रीची. परवा तिने आमच्याच बेरजेतली चूक दाखवली, आणि पोटभर हसली.

तुमच्या गटातली कोणी येईनाशी झाली असेल, तर आधी तिच्या ओट्यावर जाऊन बसा.