लघुअनियतकालिकांची कुळकथा

मराठीतील लघुअनियतकालिके, म्हणजे मोजक्या प्रतींत निघणाऱ्या आणि प्रकाशनाच्या ठरावीक तारखेचे बंधन न मानणाऱ्या वाङ्मयीन पत्रिका, यांचे मूळ शोधताना साहित्याच्या इतिहासाइतकाच छपाईचा इतिहासही पाहावा लागतो. १८८०च्या दशकात लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर यांनी सायक्लोस्टाइलचे, म्हणजे चक्रमुद्रणाचे, तंत्र विकसित केले. मेणाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने किंवा टंकयंत्राने अक्षरे कोरली की त्या जागचे मेण निघून शाई पाझरते आणि खालच्या कोऱ्या कागदावर मजकूर उमटतो. त्यामुळे खिळे जुळवणाऱ्या कामगारावाचून, छापखान्यावाचून आणि फारशा भांडवलावाचून काही शे प्रती काढता येत. कचेऱ्यांतील परिपत्रके, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि कामगार संघटनांची पत्रके यांसाठी रुळलेले हे साधन मराठी कवींनी हाती घेतले, ते १९५४ मध्ये. त्या वर्षी दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक सुरू केले.

त्या काळी मराठी साहित्यात प्रतिष्ठेचा निर्णय प्रामुख्याने ‘सत्यकथा’ या मासिकाच्या हाती होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी नवकथेला आणि नवकवितेला आधार दिला होता, लेखकांकडून चिकाटीने पुनर्लेखन करून घेतले होते, आणि हे ऋण नाकारणे अन्यायाचे ठरेल. तथापि, अभिरुची कितीही सूक्ष्म असली तरी ती एकाच दारावर पहारा देऊ लागली की तिच्या कसोटीत न बसणारे लेखन बाहेरच राहते, आणि अनियतकालिकांचा खरा विद्रोह या व्यवस्थेविरुद्ध होता. त्यांची भाषा अनेकदा उद्धट होती, मजकूर अनेकदा कच्चा होता. पण काय छापायचे हे लिहिणाऱ्यानेच ठरवावे, हा हक्क त्यांनी प्रत्यक्षात आणला आणि त्यांचे महत्त्व मुख्यतः त्यात आहे.

१९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी ‘असो’ काढले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’, ‘भारुड’ अशी अनेक अनियतकालिके निघाली व बंद पडली. भालचंद्र नेमाडे, राजा ढाले, सतीश काळसेकर, तुळशी परब असे पुढे महत्त्वाचे ठरलेले लेखक या वर्तुळात वावरत होते. १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी करण्यात आली आणि तीत ढाले अग्रभागी होते. या चळवळीने कवितेला किती काळ आश्रय दिला, हे कोलटकरांच्या उदाहरणावरून कळते: १९५०च्या दशकापासून लिहिणाऱ्या या कवीचा पहिला मराठी संग्रह, ‘अरुण कोलटकरच्या कविता’, १९७७ मध्ये आला आणि तोही शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’कडून.

मुंबईतील या मंडळींनी रूप आणि भाषा यांची बंधने सैल केली. परंतु लिहिणारा कोण, हा त्याहून मूलगामी प्रश्न औरंगाबादेत अधिक स्पष्टपणे पुढे आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये तेथे स्थापन केलेल्या महाविद्यालयात, म्हणजे पुढील मिलिंद महाविद्यालयात, घरातून प्रथमच शिक्षणापर्यंत पोहोचलेले दलित विद्यार्थी मोठ्या संख्येने येत होते, प्राचार्य म. ना. वानखेडे त्यांच्यात साहित्यविचार रुजवत होते, आणि या वातावरणातूनच १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक उभे राहिले. ते अनियतकालिक नव्हते, आणि हा फरक वरवरचा नाही. ज्यांच्या हाती कधीच व्यासपीठ नव्हते, त्यांना एखाद्या अंकाच्या स्फोटापेक्षा दर तीन महिन्यांनी खात्रीने उघडणारी जागा अधिक मोलाची होती. तेथे नवख्या लेखकाची कविता, आत्मकथन आणि दलित साहित्याच्या सौंदर्यविचारावरील वाद शेजारीशेजारी छापले जात. १९७४ पासून ‘अस्मितादर्श’ची लेखक-वाचक संमेलनेही भरू लागली, आणि १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडल्यानंतरही पानतावणे यांनी हे त्रैमासिक कित्येक दशके चालवले.