कॉलेज फँटसी फुटबॉलमधील अल्पमूल्यांकित खेळाडू : स्वरूप, कारणे व शोधपद्धती

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर आधारलेल्या फँटसी स्पर्धेतील ड्राफ्ट हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. लीगमधील मालकांनी पाळीपाळीने खेळाडू निवडून आपापला संघ बांधणे म्हणजे ड्राफ्ट. या निवडीचे मुख्य लक्षण असे, की एका मालकाने घेतलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. आपल्याकडील फँटसी क्रिकेटमध्ये एकच फलंदाज लक्षावधी संघांत असू शकतो. तेथे केवळ कोणाला घ्यावे हे ठरवावे लागते. येथे कोणाला घ्यावे याइतकेच केव्हा घ्यावे हेही ठरवावे लागते. प्रत्येक निवडीसाठी एक पाळी खर्ची पडते. ही पाळी म्हणजेच या व्यवहारातील चलन होय.

प्रथम तीन संज्ञा निश्चित करू. अनेक ड्राफ्टमध्ये एखादा खेळाडू सरासरीने ज्या क्रमांकावर उचलला जातो, तो त्याचा ‘भाव’. त्याच जागेवरचा, कोणीही न घेतल्यामुळे फुकट उपलब्ध असलेला उत्तम खेळाडू हंगामात जितके गुण देईल, त्यापेक्षा हा खेळाडू जितके अधिक देईल, ते त्याचे ‘मूल्य’. मूल्याच्या मानाने भाव उतरलेला असणे म्हणजे ‘अल्पमूल्यांकन’. यावरून दोन उपसिद्धांत निघतात. स्वस्त खेळाडू अल्पमूल्यांकित असतोच असे नाही. बहुतेक स्वस्त खेळाडू योग्य कारणांनीच स्वस्त असतात. तसेच तिसऱ्या फेरीत मिळणारा खेळाडू पहिल्या फेरीच्या योग्यतेचा असेल, तर तो प्रसिद्ध असूनही अल्पमूल्यांकित ठरतो.

मूल्याच्या व्याख्येतील ‘फुकट उपलब्ध खेळाडू’ ही कल्पना कॉलेजच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. व्यावसायिक एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत; कॉलेजच्या सर्वोच्च स्तरावर, म्हणजे एफबीएसमध्ये, २०२४ साली १३४ होते. बारा मालकांनी प्रत्येकी दोन क्वार्टरबॅक (पास फेकणारे खेळाडू) लावायचे ठरवले, तर प्रत्येक संघाचा एकच प्रमुख क्वार्टरबॅक धरता एनएफएलमध्ये ३२ पैकी २४ संपतात आणि उरतात आठ. कॉलेजमध्ये २४ गेल्यावर ११० उरतात. साहजिकच फुकट मिळणाऱ्या क्वार्टरबॅकची पातळी उंचावते आणि सामान्य क्वार्टरबॅकचे मूल्य शून्याकडे झुकते. काही लीग मात्र एकदोन मोठ्या कॉन्फरन्सपुरताच खेळ मर्यादित ठेवतात, आणि तेथे हा निष्कर्ष उलटतो. म्हणून लीगचे नियम न पाहता कोणालाही अल्पमूल्यांकित म्हणता येत नाही. मूल्य हा खेळाडू आणि नियमावली यांच्यातील संबंध आहे.

आता भाव कोठे चुकतो, हे पाहू. प्रत्येक संघात ८५ शिष्यवृत्तीधारक धरले, तरी १३४ संघांत अकरा हजारांहून अधिक खेळाडू होतात. इतक्यांचे प्रत्यक्ष निरीक्षण कोणालाही शक्य नाही. त्यामुळे भाव ठरवणारा समुदाय ज्या दोन गोष्टी सहज दिसतात त्यांवर विसंबतो : मागील वर्षीची आकडेवारी आणि नाव. या दोन्ही गोष्टी व्यक्तीला चिकटलेल्या असतात. गुण मात्र तीन घटकांच्या गुणाकारातून निर्माण होतात : संघ सामन्यात किती प्ले खेळतो, त्यांपैकी किती या खेळाडूच्या वाट्याला येतात, आणि प्रत्येक प्लेमागे तो किती यार्ड व टचडाउन मिळवतो. पहिला घटक कोचचा आहे, दुसरा पदाचा. तिसरा तेवढा प्रायः व्यक्तीचा. कॉलेजमध्ये खेळाडूची पात्रता साधारण चार हंगामांची असल्यामुळे पदे सतत रिकामी होतात आणि भरली जातात. पद हलते, आकडेवारी जुन्या नावापाशीच राहते. कॉलेज फँटसीतील बहुतांश अल्पमूल्यांकनाचे मूळ या विसंगतीत आहे.

याचे शुद्धतम उदाहरण टेक्सस टेक येथे सापडते. तेथील कोच माइक लीच यांच्या ‘एअर रेड’ पद्धतीत क्वार्टरबॅकने सतत पास फेकायचा असे. क्लिफ किंग्सबरी यांनी २००२ साली ५,००० यार्डांचा टप्पा ओलांडला आणि त्यांची पात्रता संपली. त्यांच्या जागी आलेल्या बी. जे. सायमन्स यांनी २००३ मध्ये ५,८३३ यार्ड फेकले. तेही गेले. २००४ मध्ये सनी कम्बी यांनी ४,७४२ यार्ड फेकले. २००५ मध्ये कोडी हॉजेस चार हजारांच्या पुढे गेले. हे तिघेही बाकावर थांबून अखेरच्या एकाच वर्षी प्रमुख क्वार्टरबॅक झाले. व्यक्तीच्या पूर्वेतिहासावरून भाव ठरवला असता, तर तिघांचाही भाव नगण्य ठरला असता. पदाच्या पूर्वेतिहासावरून ठरवला असता, तर तिघेही अग्रगण्य ठरले असते.

अल्पमूल्यांकनाचे प्रकार आता पाहू. पहिला प्रकार रिक्तपदजन्य. टेक्सस टेक त्याच वर्गात मोडते, परंतु रनिंग बॅकच्या जागेवर हा प्रकार अधिक वारंवार आढळतो. फँटसी स्पर्धांच्या कक्षेबाहेरचे असले, तरी ओक्लाहोमा स्टेटचे उदाहरण रचना समजण्यास पुरेसे आहे. १९८७ मध्ये बॅरी सँडर्स हे थर्मन थॉमस यांच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर होते. थॉमस एनएफएलमध्ये गेले, आणि १९८८ मध्ये सँडर्स यांनी अकरा सामन्यांत २,६२८ यार्ड आणि ३७ रशिंग टचडाउन केले. अशी प्रतिभा अपवादात्मक. मात्र थॉमस गेल्यावर त्यांच्या वाट्याच्या कॅरी (चेंडू घेऊन धावण्याच्या संधी) कोणाकडे तरी जाणार, हे ठरलेलेच होते. म्हणून संघ सोडून गेलेल्यांच्या कॅरी आणि टार्गेट (त्यांच्याकडे फेकलेले पास) यांची बेरीज हे शोधाचे पहिले साधन. ही बेरीज मोठी असूनही एकच वारसदार दिसत असेल, तर तो तपासावा. दोन-तीन वारसदार दिसत असतील, तर कोच पूर्वी काम वाटत असे की एकावरच सोपवत असे, हे आधी पाहावे.

दुसरा प्रकार पद्धतिजन्य. येथे पद तेच राहते, त्याच्यावरील कार्यभार बदलतो. एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) क्वार्टरबॅक जो बरो यांनी २०१८ मध्ये २,८९४ यार्ड व १६ पासिंग टचडाउन केले. २०१९ मध्ये ५,६७१ यार्ड व ६०. सामने तेराचे पंधरा झाले, पण एवढ्याने ही वाढ स्पष्ट होत नाही. विद्यापीठ तेच, मुख्य कोच तेच, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरही तेच होते. मधल्या काळात एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी पासिंगची सूत्रे हाती घेण्यास आले आणि खेळ मोकळा, पासप्रधान झाला. सहकारी परिपक्व झाले, हेही खरे. तरीही ऑगस्टमध्ये सर्वांना उपलब्ध असलेली आणि भावात पुरेशी न उतरलेली माहिती म्हणजे ही नेमणूक.

पद्धतिजन्य प्रकाराचा एक उपप्रकार अलीकडे सर्वांत फलदायी ठरला आहे, आणि त्यावर थोडे अधिक थांबणे युक्त आहे. ट्रान्स्फर पोर्टल २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट राहिली नाही, आणि २०२४ मध्ये ‘एकदा’ ही मर्यादाही उठली. परिणामी कोचबरोबर क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर यांनी एकत्र स्थलांतर करणे शक्य झाले. ह्यूस्टन बॅप्टिस्ट (तेव्हाचे नाव) हे खालच्या एफसीएस स्तरावरील विद्यापीठ. तेथे क्वार्टरबॅक बेली झॅपी यांनी २०२० च्या आखूड हंगामात चार सामन्यांत १,८३३ यार्ड फेकले. त्यांचे कोऑर्डिनेटर झॅक किटली वेस्टर्न केंटकीला गेले, तेव्हा झॅपी आणि रिसीव्हर जेरेथ स्टर्न्स हेही गेले. २०२१ मध्ये झॅपी यांनी ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाउन करून सायमन्स यांचा एका हंगामातील पासिंग यार्डांचा विक्रम मोडला. स्टर्न्स यांनी १५० झेल, १,९०२ यार्ड व १७ टचडाउन केले. झेलाला एक, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा गुण धरल्यास ४४२ गुण होतात. समुदायाने खालच्या स्तरावरील आकडे कमी विश्वसनीय मानले, आणि सामान्यतः ते बरोबरच आहे. परंतु योजनाकार, फेकणारा आणि झेलणारा हे तिघेही एकत्र हलतात, तेव्हा बदलतो केवळ प्रतिस्पर्धी. एकटा खेळाडू हलल्यास हा युक्तिवाद लागू होत नाही.

तिसरा प्रकार नियमजन्य. प्रचलित गणनेत पासिंगच्या २५ यार्डांना एक गुण व पासिंग टचडाउनला चार. धावण्याच्या दहा यार्डांना एक व रशिंग टचडाउनला सहा. नेव्हीचे कीनन रेनल्ड्स यांनी २०१३ मध्ये क्वार्टरबॅक असून ३१ रशिंग टचडाउन केले. त्यांचे १८६ गुण झाले, म्हणजे ४६ पासिंग टचडाउनहून अधिक. नेव्हीसारख्या धावप्रधान ‘ऑप्शन’ पद्धतीचा क्वार्टरबॅक पास क्वचित फेकतो, म्हणून तो डोळ्यात भरत नाही. एक खबरदारी मात्र हवी : आर्मी-नेव्ही सामना डिसेंबरात, इतरांचा नियमित हंगाम संपल्यावर होतो, आणि तोपर्यंत बहुतेक फँटसी लीग आटोपलेल्या असतात. आर्मी किंवा नेव्हीच्या खेळाडूचा एक सामना आधीच वजा धरावा. उलट हवाईच्या संघाला आणि तेथे जाऊन खेळणाऱ्या संघांना नियमित हंगामात तेरावा सामना घेण्याची मुभा आहे.

नियमजन्य प्रकारात सॅकचा (पास फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला मागे पाडण्याचा) उल्लेख अवश्य येतो, आणि बहुधा चुकीचा येतो. कॉलेजच्या गणनेत सॅकमध्ये गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये तसे होत नाही. ६० यार्ड धावून सॅकमध्ये २५ गमावणाऱ्याच्या नावावर ३५ च लागतात. यावरून तो अल्पमूल्यांकित ठरवणे अयुक्त आहे, कारण फँटसीचे गुणही त्याच ३५ वर मिळतात. मात्र ६० हा आकडा खेळाडूचा असून २५ हा प्रामुख्याने ऑफेन्सिव्ह लाइनचा आहे. लाइन सुधारली, तर पहिला टिकतो आणि दुसरा घटतो. भेद येथे आहे.

चौथा प्रकार प्रतिष्ठाजन्य. त्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एनएफएलमधील भवितव्य आणि कॉलेजमधील उत्पादन या स्वतंत्र गोष्टी आहेत, हे विसरल्यामुळे तो उद्भवतो. ह्यूस्टन विद्यापीठाचे क्वार्टरबॅक केस कीनम यांनी कारकिर्दीत १९,२१७ पासिंग यार्डांचा विक्रम केला आणि २०१२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये त्यांना कोणीही निवडले नाही.

शोधाचा क्रम यांतून निष्पन्न होतो. प्रथम कोच व कोऑर्डिनेटर यांचे बदल पाहावेत आणि त्यांच्या पूर्वीच्या संघांतील प्ले व पास-रनचे प्रमाण काढावे. २०२३ पासून फर्स्ट डाउननंतरही घड्याळ चालू राहते, केवळ प्रत्येक अर्धाच्या अखेरच्या दोन मिनिटांत थांबते. त्यामुळे प्ले कमी झाले आहेत, आणि त्यापूर्वीचे आकडे तेवढे घटवून घ्यावेत. मग रिक्त झालेला वाटा, आणि शेवटी खेळाडूची प्रति-प्ले कामगिरी. हा क्रम उलटू नये. कामाचे प्रमाण एका वर्षाकडून दुसऱ्या वर्षाकडे जितके टिकते, तितके टचडाउनचे प्रमाण टिकत नाही. केवळ टचडाउनवर चढलेला भाव म्हणूनच संशयास्पद असतो, आणि भरपूर काम असूनही टचडाउन न मिळाल्याने उतरलेला भाव विचारार्ह.

मूल्य कळले, तरी ते पूर्ण मोजू नये. ज्याची योग्यता चौथ्या फेरीची आणि भाव दहाव्या फेरीचा, त्याला चौथ्या फेरीत घेणाऱ्याने सहा फेऱ्यांचा लाभ स्वतःच नष्ट केला. भावाच्या एक फेरी आधी घेणे सामान्यतः पुरेसे. सहमालकांपैकी कोणी त्याच विद्यापीठाचा पदवीधर असेल, तर दोन फेऱ्या आधी. आपल्या विद्यापीठाची दुसरी फळी अशा माणसाला तोंडपाठ असते.

या लाभाचे आयुष्य अल्प असते. हंगामापूर्वी कोच जो डेप्थ चार्ट (प्रत्येक जागेवरील खेळाडूंचा क्रम) प्रसिद्ध करतात, त्यात कित्येकदा दोन नावांमध्ये ‘किंवा’ घातलेले असते, आणि तोवर अनिश्चितता ड्राफ्टला अनुकूल राहते. पहिल्या शनिवारी कोणाला किती कॅरी मिळाल्या, हे सर्वांनाच दिसते. त्यानंतर उरलेले खेळाडू उचलणे हा वेव्हरचा (हंगामातील फेरनिवडीचा) विषय असून त्याचे नियम निराळे आहेत.