बरणीतली वाइन

चेंबूर म्हटलं की कारखाने आठवतात. पण आमच्या गावठाणात मराठी बोलणारे जुने ख्रिस्ती राहतात, ईस्ट इंडियन. पोर्तुगिजांच्या काळात धर्म आला. 1739 पर्यंत मराठ्यांनी साष्टी घेतली तरी तो टिकला. गोव्या-मंगळुराहून आलेल्या ख्रिस्त्यांहून वेगळी ओळख राहावी म्हणून 1887 साली त्यांनी हे नाव घेतलं.

नाताळाआधी इथल्या बायका वाइन घालतात. नाशिकच्या द्राक्षांचा खरा हंगाम जानेवारीनंतरचा, म्हणून काळे मनुके. ते चिरून चिनी मातीच्या बरणीत पाणी, साखर, यीस्ट आणि मूठभर गव्हांसोबत घालायचे. रोज लाकडी डावाने ढवळायचं, एकवीस दिवस. तोंडाला नुसतं फडकं. झाकण घट्ट लावलं तर वायू कोंडून बरणीच फुटायची! मग गाळायचं, आणि गाळ तळाशी बसेपर्यंत हात लावायचा नाही.

आमच्या गटाला वाटलं, ही विकूया. पण 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय ती करून विकणं गुन्हा. 2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिककडे वाइनरी वाढल्या. बरणीवाल्या बाईला त्याचा काय उपयोग? म्हणून नाताळच्या स्टॉलवर आम्ही बाटलीत दाबून भरलेला बॉटल मसाला मांडतो.