व्हॅनिलाची वेल आणि बारा वर्षांचा एडमंड



पानमळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना व्हॅनिलाची वेल परकी वाटायची नाही. नागवेलीसारखीच ती पेऱ्यापेऱ्याला मुळे फोडते, आधाराला बिलगते आणि सावली मागते. पाने मात्र जाड, रसरशीत. ही जात आमरीची, म्हणजे ऑर्किडची. बी धुळीसारखे बारीक, ते घरी रुजायचे नाही. म्हणून लावायचा तो वेलीचा तुकडाच.

हात-दोन हात लांबीचा, आठ-दहा पेऱ्यांचा निरोगी तुकडा घ्यावा. खालच्या तीन-चार पेऱ्यांची पाने काढून तो काही दिवस सावलीत सुकू द्यावा. जखम भरते, मग तो कुजत नाही. नंतर पांगारा किंवा गिरिपुष्पाच्या बुंध्याशी पालापाचोळ्याच्या खतात ते पेरे आडवे ठेवून वर हलकीशी माती पसरावी, आणि शेंडा बुंध्याला सैल बांधावा. पाणी साचू देऊ नये. वेलीचा चीक अंगाला लागला तर खाज सुटते, एवढे ध्यानात ठेवावे. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फुले येतात.

लावणे इतके सोपे. पण ह्या सोपेपणानेच एकेकाळी भल्याभल्यांना फसवले, ती हकिकत आज सांगायची आहे.

वेल मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिथले टोटोनाक लोक तिची शेंग फार पूर्वीपासून वापरत. अझ्टेक राजांच्या कोकोच्या पेयात ती पडे. स्पॅनिश लोकांनी 1521 साली ते राज्य जिंकले आणि शेंग युरोपात नेली. पुढे वेलीचे तुकडेही गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते इंग्लंड, बेल्जियम, फ्रान्स इथल्या काचघरांत वाढू लागले, आणि 1820 च्या आगेमागे हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर पोहोचले. त्यालाच आज रियुनियन म्हणतात. बेट फ्रेंचांचे, मळे गोऱ्यांचे, राबणारे हात गुलामांचे.

वेली माजल्या. फुलेही आली. शेंग मात्र धरेना! मेक्सिकोत हे काम तिथल्या मधमाश्या करीत; वेलीबरोबर त्या थोड्याच आल्या होत्या? फुलात नर आणि मादी भाग अगदी शेजारी, पण मध्ये एक पातळ पडदा. शिवाय फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. बेल्जियममधल्या लिएज शहरी प्राध्यापक शार्ल मोरँ यांनी 1836 साली हाताने परागीभवन करून शेंगा धरवल्या खऱ्या, पण मळ्यात रोज शेकडो फुलांवर चालेल अशी युक्ती अजून हाती नव्हती.

सँत-सुझान गावी फेरेओल बेलिए-बोमाँ नावाचा मळेवाला होता. त्याच्याकडे एडमंड नावाचा गुलाम पोरगा. जन्म 1829 चा. आई बाळंतपणातच गेली. गुलामाला आडनाव नसे, नुसता एडमंड. मालकाला झाडाझुडपांचा नाद, पोरगा सदा त्याच्या मागे. कलिंगडाच्या जातीच्या एका वेलीवर नरफूल मादीफुलाला कसे लावायचे, ते मालकाने त्याला दाखवले होते. आपल्याकडेही भोपळा धरत नसला की जाणती माणसे हेच करतात.

1841 साली एके सकाळी मालकाला आपल्या जुन्या वांझ वेलीवर दोन शेंगा दिसल्या. एडमंड म्हणाला, "त्या मी धरवल्या." मालकाचा विश्वास बसेना. काही दिवसांनी आणखी शेंगा दिसल्या, तेव्हा त्याने करून दाखवायला सांगितले. पोराने बारीक काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग पलीकडे दाबला. झाले! मग आजूबाजूचे मळेवाले ते शिकायला त्याला बोलावू लागले. 1848 साली बेटावरून 50 किलो व्हॅनिला बाहेर गेली. 1898 साली सुमारे 200 टन.

आणि एडमंड? 1848 सालीच तो मुक्त झाला. आडनाव मिळाले अल्बियस. लॅटिनमध्ये 'अल्बस' म्हणजे पांढरा. काळ्या माणसाला हे नाव देणाऱ्याच्या मनात काय होते, ते त्यालाच ठाऊक. मुक्ती मिळाली, पण जमीन नाही, पैसा नाही. चोरीच्या आरोपावरून तुरुंगवासही घडला. त्याच्या शोधामुळे बेटाची भरभराट झाली, असे जुन्या मालकाने अधिकाऱ्यांना लिहिले, तेव्हा शिक्षा कमी झाली. रिशार नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही युक्ती आपलीच असल्याचा दावा केला. तेव्हाही बेलिए-बोमाँने पोराच्या बाजूने लेखी साक्ष दिली. ह्या माणसाने गुलाम बाळगले होते, हे विसरता येत नाही, पण श्रेय त्याने लाटले नाही. 1880 साली एडमंड दारिद्र्यातच वारला.

त्याची युक्ती आजही तशीच चालते. आपल्याकडे 2003 च्या सुमारास ओल्या शेंगांचा भाव किलोला तीन हजारांवर गेला, तेव्हा केरळ-कर्नाटकात लोकांनी वेलीचे तुकडे चढ्या दराने घेतले. भाव लवकरच कोसळला आणि पुष्कळांचे हात पोळले. शिवाय तुकड्यापासून तुकडा करत गेल्याने बहुतेक वेली एकाच रक्ताच्या. मूळकुजीचा रोग शिरला की मळ्यात झपाट्याने पसरतो. म्हणून ओळखीच्या, निरोगी वेलीचाच तुकडा घ्यावा.

फूल आले की सकाळीच गाठावे. एका घोसातली आठ-दहा फुलेच धरवावीत, नाहीतर वेल खंगते. नऊ महिन्यांनी शेंग पिकते, पण झाडावर तिला वास नसतो. गरम पाण्यात बुडवून, उन्हात तापवून, घोंगडीत गुंडाळून घाम आणला आणि सावकाश वाळवली, की काही आठवड्यांनी ती काळी पडते आणि घमघमू लागते.