प्रसूतिसमयी पतीची सोबत : कर्तव्य आणि पूर्वतयारी

विवाहसंस्काराच्या वेळी वधूवर वेदीसमोर उभे राहून सुखदुःखात, आजारात व आरोग्यात परस्परांना साथ देण्याचे वचन देतात. ह्या वचनाची पहिली मोठी कसोटी बहुतेक दांपत्यांच्या आयुष्यात पत्नीच्या पहिल्या प्रसूतीच्या वेळी येते. आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी पती दूर असतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. तिच्यामागे मुलीला विश्रांती व आईची माया लाभावी हा चांगला हेतू आहे. परंतु त्या रीतीतून 'बाळंतपण हे बायकांचे काम' अशी समजूतही रूढ झाली. नंदनवनसारख्या वसाहतीत राहणाऱ्या आणि भंडारा, गोंदिया वा चंद्रपूर जिल्ह्यांत माहेर असलेल्या कुटुंबांत पतीला बाळाच्या जन्माची वार्ता अनेकदा दूरध्वनीवरूनच कळते. जी कुटुंबे प्रसूती नागपुरातच करण्याचे ठरवतात, तेथे पती दाराबाहेर उभा असतो आणि आत पत्नी कळा सोसत असते. त्या वेळी तिच्याजवळ कोण असेल, ह्याचा विचार आधीच झालेला असला पाहिजे.

सोबतीचे महत्त्व

प्रसूतीच्या काळात विश्वासाची एक व्यक्ती सतत जवळ असेल तर त्याचा परिणाम आरोग्यावरही होतो. ह्या विषयावरील कोक्रेन आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १७ देशांतील २६ चाचण्यांमधील १५,८५८ स्त्रियांची माहिती तपासण्यात आली. ज्या स्त्रियांना अखंड सोबत लाभली, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आणि सिझेरियनचे प्रमाण कमी आढळले. कळांचा काळही काहीसा कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीच्या व्यक्तीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली. निवड त्या स्त्रीची असते, हे येथे ध्यानात घ्यावे. पत्नीला आई किंवा बहीण जवळ हवी असेल, तर पतीने त्यात कमीपणा मानू नये.

शासकीय रुग्णालयांतील नियम

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक व्यक्ती ठेवण्यास अनुमती दिली. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ह्या सोबतीचा समावेश आहे. ही व्यक्ती शक्यतो स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली नात्यातील स्त्री असावी, असे सूचनांत म्हटले आहे. जेथे इतर स्त्रियांच्या खासगीपणाची व्यवस्था आहे, तेथे पतीलाही प्रवेश देता येतो. सोबतीच्या व्यक्तीला संसर्गजन्य आजार नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत, तिने पूर्ण वेळ थांबावे, डॉक्टर व परिचारिकांच्या कामात हस्तक्षेप करू नये आणि कक्षातील अन्य स्त्रियांकडे जाऊ नये, अशी अपेक्षा असते.

नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय म्हणजे आपले 'मेडिकल', इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे 'मेयो' आणि स्त्रियांसाठी असलेले डागा रुग्णालय येथे संपूर्ण विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतूनही स्त्रिया येतात. अशा गर्दीच्या ठिकाणी पतीला आत प्रवेश मिळेलच, असे गृहीत धरू नये. सातव्या-आठव्या महिन्यातील तपासणीच्या वेळीच तेथील पद्धत विचारून घ्यावी. खासगी रुग्णालयांचे नियम वेगवेगळे असतात. तेथेही आधी विचारणे हिताचे.

पतीला आत प्रवेश मिळाल्यास

कळांचा काळ दीर्घ असतो. गर्भाशयाचे तोंड सुमारे पाच सेंटिमीटर उघडल्यानंतर पहिलटकरणीला आणखी बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. त्याआधीचा सौम्य कळांचा काळ निश्चित सांगता येत नाही. पतीने संयम राखावा आणि 'अजून किती वेळ?' असे वारंवार विचारू नये.

डॉक्टरांची हरकत नसेल तर पत्नीला चालण्यास, बसण्यास किंवा कुशीवर वळण्यास मदत करावी. पाणी, सरबत किंवा पेज थोडी थोडी द्यावी. कळ आली की कमरेवर तळहाताने स्थिर दाब द्यावा, कळ ओसरली की घाम पुसावा. श्वास संथपणे सोडण्याची आठवण करून द्यावी आणि आपणही तिच्याबरोबर तसाच श्वास घ्यावा. बोलणे थोडे असावे. तिने हात झिडकारला किंवा रागावून बोलली, तर ते मनाला लावून घेऊ नये. परिचारिकेने सांगण्यापूर्वी 'जोर कर' असा आग्रह धरू नये. तिला काही विचारायचे असेल आणि बळ नसेल, तर तिच्या वतीने नम्रपणे विचारावे.

डॉक्टरांनी सिझेरियनचा सल्ला दिल्यास त्याचे कारण दोघांनी समजून घ्यावे. शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती हे स्त्रीचे अपयश नव्हे. कुटुंबातील कोणी तसे सुचविल्यास पतीने ते तेथेच थांबवावे.

पतीला बाहेर थांबावे लागल्यास

तरीही त्याची सोबत निष्फळ ठरत नाही. आत जाणारी व्यक्ती आधी ठरवून तिला वरील गोष्टी समजावून द्याव्यात. तपासणीची कागदपत्रे, माता व बाल संरक्षण कार्ड, ओळखपत्र, स्वच्छ सुती कपडे आणि बाळाचे दुपटे एका पिशवीत नवव्या महिन्याच्या आरंभीच भरून ठेवावे. रक्तगट ठाऊक असावा आणि गरज पडल्यास रक्तदानास तयार असलेल्या दोघातिघांशी बोलून ठेवावे. वाहनाची सोय ठरलेली असावी. गर्भवती मातेसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ ह्या क्रमांकांवर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त व आहार विनामूल्य आहेत, ही माहिती गरजू शेजाऱ्यांनाही द्यावी.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, झटके, ताप, पाणमोट फुटून हिरवट पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास कळांची वाट न पाहता रुग्णालयात जावे. माहेरी गेलेल्या पत्नीच्या बाबतीत पतीने अपेक्षित तारखेच्या आसपास रजा घेऊन तेथे पोहोचावे. केंद्र शासनाच्या पुरुष कर्मचाऱ्यास दोन अपत्यांपर्यंत पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. इतरांनी आपल्या कार्यालयात चौकशी करावी.

जन्मानंतरचे पहिले तास

दार उघडताच बाहेर जमलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, 'मुलगा की मुलगी?' पतीचा पहिला प्रश्न 'तिची प्रकृती कशी आहे?' असा असावा. मुलगी झाली म्हणून उतरलेले चेहरे पत्नीला दिसतात आणि ते ती विसरत नाही. अशा वेळी पतीने आपल्या आईवडिलांसमोर उघडपणे आनंद व्यक्त करणे, हे तिच्या बाजूने उभे राहणेच होय.

माता व बालक सुस्थितीत असल्यास बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासात स्तनपान सुरू व्हावे. मध किंवा गुटी चाटवू नये. पहिल्या चोवीस तासांत अतिरक्तस्रावाचा धोका असतो. कपडे एकापाठोपाठ भिजू लागल्यास तत्काळ परिचारिकेला सांगावे. पुढील काही दिवस रडू येणे स्वाभाविक असते. उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. तिला उपदेश करू नये.

बालकाच्या जिवाला धोका असेल आणि धर्मगुरू उपलब्ध नसेल, तर योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती स्नानसंस्कार देऊ शकते, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो (कलम ८६१). बालकाच्या मस्तकावर पाणी ओतत पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा आणि नंतर आपल्या धर्मग्रामात त्याची नोंद करावी. हे शब्द प्रत्येक पित्याला पाठ असावेत.

श्रद्धेच्या प्रकाशात

संत लूक ह्यांच्या शुभवर्तमानात सोबतीची दोन चित्रे आहेत. गर्भवती अलिशिबेकडे पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशातून प्रवास करून गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. पुढे बेथलेहेमात मेंढपाळ आले, तेव्हा त्यांना मरिया, योसेफ आणि गव्हाणीतील बालक दिसले. संत योसेफांच्या तोंडी शुभवर्तमानात एकही शब्द नाही. पण ते तेथे होते. २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' ह्या पत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी गर्भारपणावर स्वतंत्र परिच्छेद लिहिले. ख्रिस्तसभेच्या आशीर्वादविधींत प्रसूतीपूर्वी मातेला देण्याचा आशीर्वादही आहे. दांपत्याने त्यासाठी आपल्या धर्मगुरूंकडे अवश्य जावे.

धर्मग्रामांनीही काही करण्याजोगे आहे. विवाहपूर्व शिबिरांत एक तास ह्या विषयासाठी राखून तेथे परिचारिकेला बोलवावे. नोकरीनिमित्त नागपुरात आलेल्या अनेक दांपत्यांना जवळचे कोणी नसते. प्रसूतिकक्षात सोबत करण्यास तयार असलेल्या अनुभवी मातांची यादी धर्मग्राम कार्यालयात असेल, तर अशा भगिनीला त्या घटकेला एकटे राहावे लागणार नाही. मरियेने अलिशिबेसाठी जे केले, ते आपल्या धर्मग्रामातील मातांनाही करता येण्याजोगे आहे.