तळटीप : सिंदखेडचे जाधवराव

१२. सिंदखेडचे जाधवराव : लखुजी जाधवराव (मृ. १६२९). अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस असलेल्या सिंदखेडचे (आता सिंदखेड राजा, जि. बुलढाणा) देशमुख, निजामशाहीतील मातब्बर सरदार आणि जिजाबाईंचे वडील. हे घराणे आपले मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेते. मजकुरात त्यांना नुसते ‘पक्ष बदलणारे सरदार’ म्हटले आहे. हा निवाडा अन्यायाचा आहे. वतनाच्या बळावर फौज उभी राही आणि त्या फौजेसाठी निजामशाहा व मोगल या दोघांनाही ते आपल्या बाजूला हवे असत. १६२१च्या सुमारास ते मोगलांकडे गेले, पुढे निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशाहाच्या दरबारी मुजऱ्यास गेले असता, अचलोजी व राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतराव यांच्यासह त्यांची हत्या झाली. एकाच दिवशी घरातल्या तीन पिढ्या कापल्या गेल्या. जावई शहाजीराजांनी त्यानंतर निजामशाही सोडली. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. लखुजींची भव्य दगडी समाधी सिंदखेड राजा येथे आहे. — संपा.